एक हजार बावीस जण, आणि वर तुम्ही

पहिलं काम, कानातली ती बोंडं काढा. फोनही इथेच राहू द्या. आपण निघालोय तिथे गाणं हवं झालं की बटण दाबून मिळत नाही. कुणीतरी घसा ताणायचा, कुणीतरी गाल फुगवायचे, कुणीतरी घोड्याच्या शेपटीचे केस आतड्याच्या तारेवर घासायचे, तेव्हा कुठे चार सूर कानावर पडायचे. ते संपले की संपले. एखादी रचना पुन्हा ऐकायची असेल, तर ती पुन्हा कुणी वाजवायला घेईल याची वाट बघत बसा. आणि ती रचना तुमचीच असेल, तुमच्याच डोक्यात जन्मलेली, तर तुमचे हाल कुत्रा खाणार नाही. सभागृह तुम्ही भाड्यानं घ्यायचं, माणसं तुम्ही जमवायची, त्यांचे पैसे तुम्ही द्यायचे. एवढं करून ती दुसऱ्याच्या हाती सोपवलीत तर तो तिचं काय करील याचा नेम नाही.

हेक्टर बेर्लिओझचं आयुष्य या खटाटोपात गेलं. फ्रान्सचा हा मोठा संगीतकार. आपलं संगीत कुणी मनासारखं वाजवीना, म्हणून वाद्यवृंद चालवायलाही शिकला आणि त्यातही नाव काढलं. आज आपण त्याच्या मागेमागे फिरायचं. नुसतं बघ्यासारखं फिरायला कुणी देणार नाही, म्हणून तुम्हाला काम लावून दिलंय: सामान उचलायचं. चला. आणि आता नाक दाबा.

का दाबायचं ते कळलं ना? हे पॅरिसमधलं पितिए रुग्णालय, आणि हे तिथलं शवविच्छेदनाचं दालन. जरा पायाखाली बघून चाला, फरशी बुळबुळीत आहे. टेबलांवर सुटे हात, सुटे पाय, अर्धी उघडलेली कवटी. फॉर्मलिन अजून कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे मेलेल्या माणसाला जसा वास यायचा तसाच येतोय. तो तुमच्या कोटाला चिकटला, आता आठवडाभर जाणार नाही. वर हा चिवचिवाट कसला? चिमण्या आहेत. फुप्फुसाच्या तुकड्यांवरून भांडताहेत. तिकडे कोपऱ्यात उंदीर मणका कुरतडतोय.

दारात तो तांबूस केसांचा, बाकदार नाकाचा पोरगा उभाय ना, तोच आपला माणूस. नुकता गावाहून आलाय. बाप ग्रेनोब्लच्या बाजूला ला कोत-सँ-आंद्रे नावाच्या गावात डॉक्टर. मुलानंही डॉक्टर व्हावं म्हणून त्याला 1821 मध्ये पॅरिसला धाडलंय. मुलाला बासरी येते, गिटार येते, आणि डॉक्टर व्हायचं नाहीये. हे दुखणं मराठी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

सरका, सरका! त्यानं खिडकीतून उडी टाकली. बघा कसा पळतोय, मागे वळूनसुद्धा बघत नाही. थेट घर गाठून दार लावून घेईल. पुढचा अख्खा दिवस त्याला काही सुधरणार नाही. मग बरोबर शिकणारा चुलतभाऊ त्याची समजूत घालून परत आणेल, आणि गंमत म्हणजे या खेपेला किळस पार आटलेली असेल. पठ्ठ्या आपल्या हातानं चिमण्यांना फुप्फुसाचे तुकडे टाकेल आणि उंदराला खांद्याचं हाड. याच दिवसांत त्याला शरीरशास्त्र शिकवणारे अम्युसा नावाचे एक गुरुजी आहेत. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संध्याकाळी मात्र हाच विद्यार्थी निराळा असतो. ऑपेराच्या दारात तो सगळ्यांच्या आधी हजर. तुम्हीही घुसा त्याच्यामागून, खालच्या मजल्यावर, बाकांच्या दाटीत. इथे बायकांना मज्जाव आहे. तुम्ही बाई असाल तर टोपी डोळ्यांवर ओढा आणि गप्प बसा. वर भलंमोठं झुंबर गॅसवर फुरफुरतंय. त्याची धग टाळूवर उतरतेय, शेजाऱ्याच्या केसांचं पोमेड वितळून कानामागे ओघळतंय. मागच्या रांगेत तपकिरीच्या शिंका. तुमच्या डावीकडे बसलेले ते धट्टेकट्टे लोक रसिक वगैरे नाहीत, टाळ्या वाजवायचे त्यांना पैसे मिळतात. त्यांचा म्होरक्या खूण करतो, हे हात उचलतात. अख्ख्या पॅरिसला हे माहीत आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मराठी नाटकवाल्यांनी हा धंदा कसा काय सोडला, कोण जाणे.

आज संगीतकार ग्लुकचा ‘इफिजेनी आँ तोरीद’ हा ऑपेरा आहे. बेर्लिओझ आणि त्याचे मित्र यांना तो स्वरास्वरानं पाठ. ग्लुकनं जिथे झांजा लिहिलेल्याच नाहीत अशा एका नृत्यात आज कुणीतरी झांजा घुसडल्यात. शेजारी बसलेल्या पोराचे कान लाल होताना तुम्हाला दिसतात. तो दात-ओठ खातो, पण नृत्य संपेपर्यंत थांबतो. मग सारं थिएटर क्षणभर शांत झाल्यावर जागेवरूनच ओरडतो, की इथे झांजा नाहीत, ग्लुकला सुधारणारा हा शहाणा कोण! सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. तुम्ही बुटांच्या नाड्या बघा. पुढे एका ठिकाणी ट्रॉम्बोन वाजायला हवेत ते वाजत नाहीत, आणि हा पुन्हा उठतो. हाकलून देतील असं वाटतं ना? नाही देणार. पुढच्या प्रयोगाला झांजा गायब असतील आणि ट्रॉम्बोन आपल्या जागी. मला या माणसाचं जर काही एकच आवडत असेल तर हे, की स्वतःचं एक पानही अजून कुणी वाजवत नसताना तो दुसऱ्याच्या पानासाठी भांडतो.

भूक लागली असेल. पण वैद्यकी सोडल्यापासून घरून येणाऱ्या पैशांचा भरवसा राहिलेला नाही, तेव्हा चैन नको. सीन नदीतल्या बेटावर पाचव्या मजल्याची एक एवढीशी खोली, आणि रोजचं जेवण सात-आठ सू मध्ये बसवायचं. चौथ्या आंरीचा घोड्यावरचा पुतळा आहे ना, त्या पों-नफ पुलावर बसा त्याच्याजवळ. पाव घ्या, आणि सोबत बेदाणे, मनुका नाहीतर खजूर. पाव कोरडा आहे, खजूर दातांना चिकटतो. खाली पाणी खांबांवर आपटतंय, पाणके बादल्या घेऊन शिव्या देत चाललेत, वाऱ्याबरोबर नदीचा तो गटारगंधही येतो. पण सूर्य मावळतोय आणि तुमचा सोबती टॉमस मूरच्या कविता वाचण्यात गर्क आहे. जेवणाबद्दल कुरकूर तुम्हीच करताय.

पोटासाठी तो एकदा नाट्यगृहात कोरसमध्ये गायची नोकरी धरतो, महिना पन्नास फ्रँक. मुलाखतीच्या रांगेत त्याच्याबरोबर एक विणकर, एक लोहार, नोकरीवरून काढलेला एक नट आणि चर्चमध्ये गाणारा एक जण. बाकी सगळे सोबत काहीतरी घेऊन आलेत, हा हात हलवत. काय गाणार, असं विचारल्यावर म्हणतो, तुम्ही सांगाल ते. ग्लुकपासून सगळं पाठ आहे. नोकरी मिळते. घरी कुणाला कळता कामा नये एवढीच धास्ती.

आता तुमच्या कामाकडे येऊ. सन 1830, मे महिना, तो कोरसमध्ये गायचा त्याच नाट्यगृहाचं रंगपीठ. बेर्लिओझनं ‘सिंफनी फांतास्तिक’ लिहून काढलीय. एका आयरिश नटीला हॅम्लेटमधली ऑफेलिया झालेली बघून याचं डोकं फिरलं, आणि त्या फिरलेल्या डोक्यातून ही सिंफनी निघाली. अफू घेतलेला प्रेमवीर, नृत्याची मैफल, वधस्तंभाकडे जाणारी मिरवणूक, शेवटी चेटकिणींचा धिंगाणा. कागदावर सगळं जमलंय. तालमीला एकशेतीस वादक आलेत. आणि बसायचं कुठे? खुर्च्या कमी. स्वरलिपी ठेवायचे स्टँड कमी. मेणबत्त्या नाहीत. रंगपीठावर एवढी माणसं मावतच नाहीत. एक जण चेलो डोक्यावर धरून उभा, दुसऱ्याच्या कोपरात तिसऱ्याचा व्हायोलिनचा गज. कुणी स्टँडसाठी ओरडतोय, कुणी तारांसाठी, कुणी सुतारासाठी. दोन तुकडे कसेबसे वाजतात, मिरवणुकीचा तुकडा ऐकून वादक स्वतःच खूश होतात, आणि कार्यक्रम रद्द. बाके नाहीत आणि स्टँड नाहीत म्हणून. सिंफनी ऐकायला पॅरिसला त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

त्या दिवसापासून हा माणूस खुर्च्या मोजतो. प्रतिभा वगैरे ठीक आहे, स्टँड किती आले ते आधी सांगा. म्हणून तुम्हाला नोकरी आहे.

स्टँड उचलायला लागायच्या आधी 1837 च्या डिसेंबरात एक चक्कर मारून येऊ, दोन मिनिटांची. इनव्हालिदचं चर्च, थंडीनं दगड गारठलेले, मेणबत्त्यांचा आणि धुपाचा वास, काळ्या कपड्यांतली गर्दी. बेर्लिओझचं ‘रेक्वियम’ चाललंय. या इथे मधोमध उभे राहा. कयामतीचा दिवस उगवतो तिथे चार कोपऱ्यांतून चार पितळी वाद्यांचे ताफे एकदम फुटतात, खालून नगाऱ्यांच्या जोड्या घुमायला लागतात. हे कानांनी नाही ऐकू येत. हे बरगड्यांना कळतं, पोटातलं पाणी हलतं. वेदीपाशी पाद्रीबुवा ढसाढसा रडताहेत. बेर्लिओझ पुढे लिहितो, की नेमक्या त्या क्षणी संचालक आबनेकनं हात खाली घेतला आणि शांतपणे तपकिरीची डबी काढली; आपण झेप घेऊन ताल धरला नसता तर सत्यानाश झाला असता. खरं असेल, नसेल. गडी रंगवून सांगण्यात पटाईत, आणि या गोष्टीवरून अभ्यासक अजून भांडतात. पण आपलं संगीत पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही ही गाठ त्यानं मनाशी बांधली, ती काही थाप नाही.

बाहेर या. ऊन लागलं? ऑगस्ट 1844, पहिली तारीख. आता तुम्ही खरे घामाघूम होणार.

शाँझेलिझे म्हटल्यावर आजची दुकानांची झगमग डोळ्यांसमोर आणू नका. झाडांच्या रांगा, त्यांच्यामधून उडणारी पांढरी धूळ, घोड्यांची लीद, लिंबाचं सरबत विकणारे, बाहुल्यांचे खेळ, पोरांना फिरवणाऱ्या बकऱ्यांच्या गाड्या. आणि मधेच ही लाकडी अवाढव्य इमारत. नुकतंच इथे देशभरच्या कारखानदारांचं प्रदर्शन होऊन गेलं. इमारत तात्पुरती, लवकरच पाडणार. पाडायच्या आधी इथे जंगी जलसा करायचा, असं बेर्लिओझनं योजलं आणि स्ट्राउस नावाचा एक भागीदार गाठला. व्हिएन्नाचा नव्हे, हा स्ट्रासबुर्गचा, नाचाचं संगीत वाजवणारा.

कलाकार किती? एक हजार बावीस. पॅरिसमधल्या नाट्यगृहांतून, नाचघरांतून, चर्चमधून जो कुणी बरं वाजवतो किंवा गातो, तो इथे. गेले कित्येक दिवस हा माणूस झोपलेला नाही. एका हजारावर माणसांसाठी स्वरलिपीच्या प्रती करवून घेतल्यात. बोरू बुडवून बुडवून नक्कलनविसांची बोटं शाईनं काळी झालीत. तालमी सगळ्यांना एकत्र बसवून घेतल्याच नाहीत. व्हायोलिनवाले वेगळे, बासवाले वेगळे, फुंकून वाजवायची वाद्यं वेगळी, बायका आणि मुलं वेगळी, पुरुष वेगळे. सगळे मिळून तालीम एकच, शेवटची. इतर संचालक सगळ्यांना एकदम कोंडून तासन्‌तास घोळ घालतात. याचं म्हणणं, आधी प्रत्येकाला आपापलं येऊ दे. डोकं शांत असलेल्या माणसाची ही पद्धत आहे, आणि ती काढली कुणी तर सगळं पॅरिस ज्याला वेडा म्हणतं त्यानं.

घ्या, हे सहा स्टँड त्या चौथ्या पायरीवर. नाही, तिथे नाही, तिथे डबल बास येणार. छत्तीस आहेत. एकेक बास म्हणजे उभं केलेलं कपाट. दोघांनी धरून आणायचा आणि दारातून तिरका करायचा. आपटलात तर मालक तुमचा जीव घेईल. पुढे चोवीस हॉर्न. त्यापलीकडे हार्प, डझनांनी, तागाच्या गवसण्या घातलेल्या, माणसाएवढ्या उंच. सुतारांची ठोकाठोक, रंध्याचा भुसा, राळेचा वास, आणि लाकडात मुरलेलं यंत्रांचं तेल. उकाड्यानं आतड्याच्या तारा तुटताहेत. टण्ण झालं की कुणीतरी शिवी हासडतं. नगाऱ्यांची कातडी ढिली पडून बेसूर झालीय, वाजवणारे कान टेकवून पेच पिळताहेत. आणि या सगळ्यातून बेर्लिओझ मुलीच्या लग्नातल्या बापासारखा फिरतोय, कोण आलं, कोण राहिलं, कुणाची बसायची सोय झाली नाही. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, चेहरा पिवळा. वय चाळीस.

दुपार झाली, दारं उघडली. आठ हजारांच्या आसपास माणसं आत येताहेत. रेशमी झग्यांची सळसळ, पंखे, हातमोजे, सुगंधी पाणी आणि त्याखालून घाम. मागच्या टोकाला बसलेल्यांना निम्मंही ऐकू येणार नाही. पण आपण तिथे होतो हे सांगता तर येईल ना! तुम्ही तिथे बसू नका. तुमची जागा इथे, संचालकाच्या चौथऱ्याच्या कडेला, हार्पच्या सावलीत.

आता एक गोष्ट बारकाईनं बघा. एवढ्या पसाऱ्यात ताल राहतो कसा? आवाजाला इतकं अंतर कापायला वेळ लागतो. कानावर भरवसा ठेवलात तर मागचे लोक मागेच राहतील. त्यातून गायकांची बसायची रचना अशी, की त्यांची पाठ बेर्लिओझकडे. म्हणून त्यानं सात माणसं पेरून ठेवलीत. फुंकवाद्यांपुढे तिलमाँ, तालवाद्यांपुढे त्याचा मित्र मोरेल, आणि गायकांच्या घोळक्यात पाच जण, एक मध्यभागी, चार चार कोपऱ्यांत. या सातांनी वादकांकडे बघायचं नाही, नजर फक्त बेर्लिओझच्या हातावर. त्याचा हात खाली आला की सातही हात खाली. दूरदूरवर विखुरलेले आठ हात, एकाच क्षणी वर, एकाच क्षणी खाली. तुम्ही त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे बघा, मग याच्याकडे, मग पुन्हा तिकडे. केसाचाही फरक नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा बघताना संगीताकडे लक्षच जात नाही.

त्या हातातली ती छडीही जपून बघा. आदल्याच वर्षी जर्मनीच्या दौऱ्यात लाइपझिगला मेंडेलसोननं त्याच्याशी छड्यांची अदलाबदल केली. मेंडेलसोनची नाजूक, कातडं मढवलेली. याची म्हणजे सालीसकट तोडलेली झाडाची फांदी. दोघांचं संगीत ऐकलं असेल तर कुणाची कुठली हे विचारावं लागणार नाही.

छत्तीस बास एकदम बोलतात तेव्हा चौथऱ्याच्या फळ्या पायाखाली थरथरतात. वेबरच्या ‘फ्रायशुट्झ’मध्ये चोवीस हॉर्न मंद सुरू होतात आणि रानातून धुकं यावं तसा तो आवाज पसरतो, पंखे थांबतात. रोसिनीची मोझेसची प्रार्थना, हार्पच्या तारांची सर. मधे आलेवीचं एक गाणं आहे, त्यात इंग्रजांवर दात आहेत. ते सुरू झालं आणि मागची गर्दी बूट आपटत ओरडायला लागली. उद्या पोलिसांचा बडा साहेब बेर्लिओझला बोलावून झापणार आहे. राजकारणाचं आपल्याला काय करायचंय, तुम्ही धुळीत शिंकू नका म्हणजे झालं.

मग येतो मायरबेअरच्या ‘ह्युगनो’मधला खंजिरांना आशीर्वाद देण्याचा प्रसंग. खून करायला निघालेली माणसं, आणि त्यांच्या शस्त्रांवर पवित्र पाणी शिंपडणारे पाद्री. ऑपेरात या भूमिका मोजकेच लोक गातात. बेर्लिओझनं प्रत्येक भूमिकेला वीस वीस गळे दिलेत. खर्जातले पाद्रीच ऐंशी. तो आवाज जमिनीतून येतो. तुमच्या पुढच्या रांगेतली बाई शेजाऱ्याचा दंड धरते आणि तिला कळतही नाही. तुमच्या मानेवरचे केस उभे राहिलेत. आणि चौथऱ्यावर बघा: बेर्लिओझच्या अंगाला कंप सुटलाय. शेवटचा आघात होईपर्यंत त्यानं छडी धरून ठेवली. आता दातांवर दात वाजताहेत, भर ऑगस्टात, हिवताप भरल्यासारखे. पाय लटपटतात. कार्यक्रम थांबला.

आठ हजार लोक बघताहेत. त्याला आत न्यायला वेळ नाही, आणि हे अवाढव्य कोठार, आत म्हणजे कुठे? तुम्हीच आहात जवळ, धावा! गरम पंच मागवा. कोरडे कपडे आणा. सदरा घामानं पिळून निघालाय, तसाच ठेवला तर माणूस इथेच आडवा होईल. कुणाला तरी सुचतं. हार्प! गवसणी घातलेल्या डझनभर हार्प ओढून आणा आणि गोल उभ्या करा. बोट चेंगरलं? चेंगरू दे. झाली खोली तयार. आत बेर्लिओझ जरासा वाकून उभा, आणि आठ हजार प्रेक्षकांच्या नाकासमोर, कुणालाही न दिसता, कोट काढतो, सदरा बदलतो. तुम्ही गवसण्यांच्या फटीतून कोरडा सदरा आत सारा आणि ओला बाहेर घ्या. काय वजन आहे त्याचं! पंचचा वास येतोय, रम आणि लिंबू आणि साखर. बाहेर लोक खोकताहेत, कुजबुजताहेत, कुणी म्हणतं मेला, कुणी म्हणतं नाटकी आहे.

तो बाहेर येतो. छडी उचलतो. पुन्हा आठ हात वर.

त्याच्या स्वतःच्या सिंफनीतली वधस्तंभाची मिरवणूकही आज आहे, चौदा वर्षांपूर्वी जिला धड बाके मिळाली नव्हती ती. आज प्रत्येकाला बूड टेकायला जागा आहे. तुम्हीच तर स्टँड लावलेत. नगारे लांबून येऊ लागतात, जड पावलं, मग पितळी वाद्यं झगझगीत, उद्दाम. शेवटी क्लॅरिनेटवर प्रेयसीचा सूर क्षणभर उगवतो आणि गिलोटिनचं पातं कोसळतं. लोक उभे राहून ओरडताहेत. आजचे टाळीबहाद्दर पगारी नाहीत. संचालकाच्या चेहऱ्यावर मात्र आनंदापेक्षा हिशेब जास्त दिसतो: पुढचं पान, पुढचा गट, ते ट्रॉम्बोनवाले जागे आहेत ना.

संपलं. गर्दी शाँझेलिझेच्या धुळीत पांगते. पण तुमची सुट्टी नाही, स्टँड परत मोजून द्यायचेत. आणि गल्ल्याजवळ चला, खरा शेवटचा अंक तिथे आहे. जमा झाले बत्तीस हजार फ्रँक. तुम्ही म्हणाल, माणूस श्रीमंत झाला! थांबा. तो टेबलापाशी बसलेला गृहस्थ दिसतो? तो रुग्णालयांच्या गोरगरीब निधीचा माणूस. पॅरिसमध्ये कुठलाही जलसा करा, एकूण गल्ल्याचा आठवा हिस्सा आधी यांचा. फायदा होवो की दिवाळं निघो. चार हजार गेले. मग हजारावर कलाकारांचे पैसे, सुतार, नक्कलनवीस, छपाई, वाहतूक. नाणी खणखणतात, रास उतरत जाते, पिशव्या दारातून बाहेर पडतात. बेर्लिओझच्या वाट्याला उरले आठशे फ्रँक. वर्तमानपत्रात संगीतावर सदर लिहून लिहून तो वैतागतो, शिव्या देतो, पण घर त्यावर का चालतं ते आता तुम्हाला कळलं.

या सुमारास त्याला अम्युसा भेटतात. होय, तेच, शरीरशास्त्राचे जुने गुरुजी, आता मित्र. चेहरा बघूनच ते चमकतात. काय हा रंग, अगदी पिवळा! नाडी बघतात. विषमज्वर उंबऱ्यावर आलाय, म्हणतात, रक्त काढायला हवं. या काळात डॉक्टरचा पहिला इलाज तोच. तुम्ही इथेच आहात तेव्हा तसराळं धरा. बाही वर सरकवलेली, हजार माणसांना हलवणारा तो हात आता निपचित, आणि नस उघडल्यावर येणारा तो लोखंडी वास. बऱ्यापैकी रक्त काढतात, हात लटपटू देऊ नका. मग फर्मान सुटतं: पॅरिस सोड, दक्षिणेला समुद्रकाठी जा, संगीताचा विचारही करायचा नाही.

त्यानं त्यातलं निम्मं ऐकलं. नीसला गेला, महिनाभर राहिला, समुद्रावरच्या कड्यावर एका बुरुजात मुक्काम केला आणि तिथे बसून नवं ओव्हर्चर लिहायला घेतलं. खर्च भागला तो जलशातल्या त्याच आठशे फ्रँकांतून. जलशानं मिळवून दिलेले पैसे जलशानं बिघडवलेली तब्येत दुरुस्त करण्यात गेले, असा जमाखर्च त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलाय. पुढच्या हिवाळ्यात त्यानं पॅरिसमधली सर्कशीची इमारत ठरवली, आणखी जलसे करायला. तुमचं नाव सामान उचलणाऱ्यांच्या यादीत आहेच.